दफ्तर नसलेल्या गावाच्या नोंदी

सार्वजनिक नोंद आपोआप निर्माण होत नाही. कोणाला तरी कर वसूल करायचा असतो, कोणाला वारसाचा निवाडा करायचा असतो, कोणाला शाळेत किती मुले येतील याचा अंदाज हवा असतो, आणि त्या गरजेपोटी कागद तयार होऊन तो ज्याची गरज त्याच्याच कपाटात जाऊन बसतो. महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट सहसा जाणवत नाही, कारण येथील जमीन महसुलाच्या व्यवस्थेने गावांसाठी तलाठी नेमले, एकवीस गाव नमुने ठरवून दिले आणि गावाचे दफ्तर ही कल्पना इतकी अंगवळणी पाडली की गाव असेल तर त्याचे दफ्तर असणारच, असे गृहीत धरले जाते. अलास्कातील शेकडो वस्त्यांच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्याच पायरीवर कोसळते. तेथे गाव आहे, घरे आहेत, कित्येकदा टपाल कार्यालय आणि धावपट्टीही आहे. पण पंचायत नाही, नगरपालिका नाही, लिपिक नाही, म्हणून गावाच्या नावाचे दफ्तरही नाही. अशा वस्तीला तेथील कायद्याच्या भाषेत ‘अनइनकॉर्पोरेटेड’ म्हणतात. राज्याच्या कायद्याखाली जिला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व मिळालेले नाही, म्हणून जी कर लावू शकत नाही, ठराव करू शकत नाही आणि न्यायालयात स्वतःच्या नावाने उभी राहू शकत नाही, अशी वस्ती, हा त्याचा अर्थ.

ही स्थिती दुर्लक्षातून आलेली नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात ५५ प्रतिनिधींनी अलास्काची राज्यघटना लिहिली, तेव्हा अमेरिकेत इतरत्र रूढ असलेली ‘काउंटी’ म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी पातळी त्यांनी जाणूनबुजून टाळली आणि तिच्या जागी ‘बरो’ नावाचा लवचीक घटक आणला. ३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का ४९वे राज्य झाले आणि १९६१ च्या कायद्याने असे ठरले की जो प्रदेश कोणत्याही संघटित बरोत येत नाही तो सगळा मिळून एकच ‘असंघटित बरो’ समजावा. आज संघटित बरो १९ आहेत आणि उरलेला असंघटित बरो राज्याच्या निम्म्याहून अधिक भूभागावर पसरला आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ७७ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढी. या बरोला स्वतःचे सभागृह नाही. राज्यघटनेच्या दहाव्या अनुच्छेदाने ते अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडेच ठेवले आहेत.

नोंदी शोधणाऱ्याने म्हणून आधी एक भेद पक्का करावा लागतो. वस्ती अनइनकॉर्पोरेटेड असली तरी ती संघटित बरोच्या हद्दीत असेल, तर काम बरेच सोपे होते. टॉकीट्ना हे पर्यटकांचे आवडते गाव असेच आहे. त्याला नगरपालिका नाही, पण ते माटानुस्का-सुसिट्ना बरोत येत असल्याने मिळकतींचे मूल्यांकन आणि सभांची इतिवृत्ते पामर येथील बरोच्या कार्यालयात मिळतात. खरी कसोटी लागते ती असंघटित बरोतील वस्तीत, आणि तिथे शोध कसा चालतो हे पाहण्यासाठी मॅकार्थीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मॅकार्थी अलास्काच्या आग्नेय बाजूस, रँगल पर्वतरांगेच्या पायथ्याशी, हिमनदीच्या तोंडाजवळ वसले आहे. जवळच केनेकॉटची तांब्याची खाण होती. खाण कंपनीच्या वसाहतीत दारूला बंदी असल्याने दारूचे गुत्ते, खानावळी आणि बाकीची करमणूक चार-पाच मैल खाली मॅकार्थीत फोफावली. १९११ मध्ये रेल्वे आली, १९३८ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही बंद पडली आणि गाव जवळजवळ ओस पडले. पुढे रूळ उखडलेल्या त्याच मार्गावरून चिटिना या गावापासूनचा सुमारे ६० मैलांचा खडीचा रस्ता झाला. तो केनिकॉट नदीच्या काठी संपतो आणि १९९७ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावरून गावात जावे लागते. १९८० मध्ये भोवतालचा सगळा मुलूख रँगल-सेंट एलियास राष्ट्रीय उद्यानात गेला, जे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे.

येथे वाचकाच्या लक्षात आले असेल की खाणीचे नाव ‘केनेकॉट’ आणि नदीचे ‘केनिकॉट’ लिहिले आहे. हा मुद्रणदोष नव्हे. हिमनदीला रॉबर्ट केनिकॉट या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिले गेले आणि खाण कंपनीने आपल्या नावात एक स्वर बदलून लिहिला. तेव्हापासून दस्तांत, नकाशांत आणि पत्रव्यवहारात दोन्ही रूपे नांदत आहेत. जवळच्या चिसाना येथे १९१३ मध्ये सोन्यासाठी झुंबड उडाली, तेव्हाच्या कागदांत त्या नावाचे उच्चारानुसारी रूप ‘शुशाना’ असे आढळते. एकाच अक्षरलेखनावर विसंबून सूची चाळणाऱ्याला अर्धेच कागद सापडतात, आणि त्याची समजूत मात्र अशी होते की एवढेच कागद आहेत.

जमिनीच्या नोंदींकडे वळताच पहिला धक्का बसतो तो मूल्यांकन वही नसण्याचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कोणती मिळकत कोणाच्या नावावर आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे काउंटीची मालमत्ता कराची यादी. असंघटित बरोत, शहरांच्या हद्दीबाहेर, स्थानिक मालमत्ता करच नाही. राज्य सरकार असा कर लावते तो केवळ तेल आणि वायू उद्योगाच्या मालमत्तेवर. कर नाही म्हणून करदात्यांची यादी नाही, आणि यादी नाही म्हणून घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष, अंदाजित किंमत यांपैकी काहीही एका जागी मिळत नाही. साध्या घराच्या बांधकाम परवान्याचेही तेच. परवाना देणारे स्थानिक कार्यालय नसल्याने त्याची फाईल तयार होण्याचा प्रश्नच येत नाही. सात-बाराच्या उताऱ्याला नावे ठेवणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला कदाचित हे सुख वाटेल. पण वडिलांची केबिन नक्की कोणत्या तुकड्यावर उभी आहे हे शोधणाऱ्या वारसाला ते तसे वाटत नाही.

उरतो तो दस्तनोंदणीचा मार्ग. अलास्कात हे काम राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाखालील नोंदणी कार्यालय करते आणि त्यासाठी राज्याचे ३४ नोंदणी जिल्हे पाडले आहेत. या जिल्ह्यांच्या सीमा बरोंशी जुळत नाहीत, जनगणनेच्या क्षेत्रांशीही जुळत नाहीत. त्यांचे मूळ राज्य होण्यापूर्वीच्या काळात, खाणमजुरांनी आपापल्या खोऱ्यात चालवलेल्या दावा-नोंदींच्या प्रथेत आहे. मॅकार्थी चिटिना नोंदणी जिल्ह्यात येते. सूची दोन बाजूंनी लावलेली असते, लिहून देणाऱ्याच्या नावाने आणि लिहून घेणाऱ्याच्या नावाने, आणि अलीकडच्या काही दशकांची सूची संगणकावर घरबसल्या पाहता येते.

एखादा असा दस्त हातात घेतला तर त्यात रस्त्याचे नाव किंवा घर क्रमांक नसतो. मिळकतीचे वर्णन ‘कॉपर रिव्हर मेरिडियन’ अशा शब्दांनी सुरू होते. मेरिडियन म्हणजे मोजणीची मूळ उत्तर-दक्षिण रेषा. अलास्कात अशा पाच रेषा आहेत, कॉपर रिव्हर, फेअरबँक्स, केटील रिव्हर, स्यूअर्ड आणि उमियाट. त्या रेषेपासून मोजलेला सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप, त्याचे ३६ भाग म्हणजे सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन सुमारे ६४० एकरांचा. गट नंबराशिवाय जसा आपल्याकडे शोध पुढे सरकत नाही, तसा तेथे मेरिडियन, टाउनशिप, रेंज (म्हणजे मेरिडियनपासूनचा पूर्व-पश्चिम क्रमांक) आणि सेक्शन या चार गोष्टींशिवाय सरकत नाही. दस्ताच्या मोबदल्याच्या रकान्यात बहुधा ‘दहा डॉलर व अन्य मौल्यवान मोबदला’ एवढेच लिहिलेले असते. खरी विक्री किंमत जाहीर करण्याची सक्ती अलास्कात नसल्याने मिळकत दहा डॉलरला विकली गेली असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आणखी एक मर्यादा आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तासारखीच आहे: नोंदणी कार्यालय कागद स्वीकारते, त्यावर वेळ आणि क्रमांक घालते, पण लिहून देणारा खरोखर मालक होता की नाही याची हमी देत नाही.

मालकीहक्काची साखळी मागे नेत गेल्यास ती एका संघराज्यीय कागदाशी थांबते, त्याला ‘पेटंट’ म्हणतात. शोधाचे हक्क देणारे पेटंट वेगळे. हे पेटंट म्हणजे सरकारने जमिनीवरील आपला हक्क खासगी व्यक्तीला दिल्याचे पहिले पत्र. मॅकार्थीच्या जागेचे मूळ जॉन बॅरेट या वसाहतकाराच्या ‘होमस्टेड’मध्ये, म्हणजे राहून आणि कसून मिळवलेल्या सरकारी जमिनीत आहे. अशी पेटंटे आणि त्यांच्या मागच्या प्रकरण-फाइली संघराज्याच्या भूव्यवस्थापन विभागाकडे असतात. अमेरिकेत होमस्टेडचा कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्कात मात्र तो आणखी दहा वर्षे चालू राहिला आणि देशातील शेवटचे होमस्टेड पेटंट १९८८ मध्ये अलास्कातल्याच स्टोनी नदीकाठच्या जमिनीसाठी दिले गेले. खाणीच्या दाव्याचा कागद दोन ठिकाणी शोधावा लागतो, कारण १९७६ च्या कायद्यानंतर संघराज्याच्या जमिनीवरील दावा स्थानिक नोंदणी कार्यालयातही दाखल करावा लागतो आणि भूव्यवस्थापन विभागाकडेही.

मूळनिवासींच्या जमिनींचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात. १९७१ च्या अलास्का मूळनिवासी दावे निवारण कायद्याने सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर्स देऊन जुने दावे मिटवले. पण जमीन जमातींना न देता त्यासाठी उभारलेल्या कंपन्यांना दिली. सर्वसाधारण नियम असा की जमिनीचा पृष्ठभाग गावाच्या कंपनीकडे आणि भूगर्भ प्रादेशिक कंपनीकडे. कॉपर नदीच्या खोऱ्यात ती प्रादेशिक कंपनी म्हणजे आटना. म्हणजे एकाच सेक्शनचे दोन मालक असू शकतात, एक वरचा आणि एक खालचा, आणि केवळ वरच्याचा दस्त पाहून समाधान मानणाऱ्याला खालच्याचा पत्ताच लागत नाही. या कंपन्या खासगी आहेत, त्यामुळे त्यांच्या संचालकांच्या बैठकीचा वृत्तांत माहितीच्या कायद्याखाली मागता येत नाही; मात्र कंपनी म्हणून त्यांनी राज्याकडे दाखल केलेले कागद पाहता येतात. १९७१ च्या त्याच कायद्यात अशी तरतूद आहे की गावाच्या कंपनीने काही जमीन भावी सार्वजनिक गरजांसाठी नगरपालिकेला द्यावी, आणि नगरपालिका नसेल तर ती राज्याने विश्वस्त म्हणून, पुढे कधी काळी होणाऱ्या नगरपालिकेसाठी, सांभाळावी. जे गाव कायद्याने अजून जन्मलेच नाही त्याच्या नावे ठेवलेल्या जमिनीची ही फाईल ज्या समुदाय व प्रादेशिक व्यवहार विभागात असते, त्याच विभागाकडे वस्त्यांची माहिती आणि नकाशेही असतात, हे शोधकाच्या सोयीचे.

याशिवाय १९०६ च्या कायद्याखाली वैयक्तिक मूळनिवासींना १६० एकरांपर्यंत दिलेल्या जमिनी आहेत. सरकारी संमतीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि त्यांच्या हक्काची अधिकृत नोंद राज्याच्या नोंदणी कार्यालयात नव्हे, तर संघराज्याच्या इंडियन व्यवहार विभागाकडे असते. राज्याच्या सूचीत काही न सापडणे म्हणजे जमीन बेवारस असणे नव्हे, हे येथे विशेष लक्षात ठेवावे लागते. जमातींची सरकारेही याच धर्तीवर वेगळी मोडतात. राज्यात संघराज्याने मान्यता दिलेल्या सव्वादोनशेच्या आसपास जमाती आहेत, कित्येक वस्त्यांत जमातीची परिषद हेच एकमेव प्रत्यक्ष शासन असते, आणि तिच्या नोंदींना राज्याचा सार्वजनिक नोंदी कायदा लागू होत नाही. तेथे अर्जापेक्षा विनंती आणि परिचय अधिक उपयोगी पडतो.

माणसांच्या नोंदी त्या मानाने एकत्रित आहेत. जन्म, मृत्यू, विवाह यांची प्रदेशव्यापी नोंदणी १९१३ मध्ये सुरू झाली आणि ती आज राज्याच्या आरोग्य विभागाकडे आहे. जन्माची नोंद १०० वर्षांनी आणि मृत्यू, विवाह, घटस्फोट यांची ५० वर्षांनी सर्वांसाठी खुली होते, तोवर ती जवळच्या नातलगांपुरती मर्यादित राहते. १९१३ च्या आधीच्या काळासाठी रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या हा मोठा आधार आहे. अलास्का १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरला अमेरिकेला विकला गेला, पण चर्चचे पाद्री वह्या लिहीतच राहिले, आणि त्या आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. दुसरा आधार म्हणजे कमिशनर. १८८४ च्या कायद्याने नेमलेला हा अधिकारी एकाच वेळी दंडाधिकारी, वारसा न्यायाधीश आणि दस्त नोंदणारा असे, त्यामुळे त्याच्या दफ्तरात खाणीचा दावा, संशयास्पद मृत्यूची चौकशी आणि लग्न शेजारी शेजारी सापडतात.

जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० ची घरोघरची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. अलास्काच्या बाबतीत तारखांकडे बारकाईने पाहावे लागते. १९४० ची म्हणून ओळखली जाणारी गणना तेथे १ ऑक्टोबर १९३९ या तारखेला धरून झाली. केनेकॉटची खाण नोव्हेंबर १९३८ मध्ये बंद झालेली असल्याने ‘१९४०’ च्या पत्रकांत खाणकामगारांची भरलेली वसाहत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ती १९३० च्या गणनेत, जी तेथे ऑक्टोबर १९२९ मध्ये घेतली गेली, शोधावी लागते. अलीकडच्या आकड्यांतही सावधगिरी हवी. मॅकार्थीची लोकसंख्या २०१० मध्ये २८ आणि २०२० मध्ये १०७ नोंदली आहे. परंतु उन्हाळ्यात गजबजणाऱ्या आणि हिवाळ्यात रिकाम्या होणाऱ्या गावात ‘नेहमीचे राहण्याचे ठिकाण’ कोणते मानायचे हाच मोठा प्रश्न असतो, शिवाय २०२० च्या आकड्यांत व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी लहान वस्त्यांच्या पातळीवर मुद्दाम थोडा फेरफार केलेला आहे, त्यामुळे गाव चौपट वाढले असे म्हणणे धाडसाचे. २०१९ पर्यंत मॅकार्थी वाल्डेझ-कॉर्डोव्हा या जनगणना क्षेत्रात होते, आता ते कॉपर रिव्हर क्षेत्रात आहे. दोन दशकांचे तक्ते जोडताना हा बदल ध्यानात न घेणाऱ्याचे गणित चुकते.

न्यायालय, पोलीस आणि शाळा या तिन्हींसाठी मॅकार्थीच्या माणसाला सुमारे २०० किलोमीटरवरच्या ग्लेनॅलनकडे पाहावे लागते. राज्याची न्यायव्यवस्था एकसंध असल्याने खटल्यांची सूची एकाच संगणकीय यंत्रणेत आहे. पोलिसांचे काम राज्याचे ट्रूपर करतात, आणि १९७० च्या दशकात स्थापन झालेले प्रादेशिक शैक्षणिक क्षेत्र शाळा चालवते. या शैक्षणिक क्षेत्राचे निवडून आलेले मंडळ हीच कित्येक वस्त्यांत लोकांनी स्वतः निवडलेली एकमेव स्थानिक सार्वजनिक संस्था असते, त्यामुळे त्याची इतिवृत्ते शाळेपलीकडेही खूप काही सांगतात. गावातील रहिवाशांची परिषद असते, पण ती कायद्याने स्वयंसेवी संस्था; तिची कागदपत्रे हक्काने मागता येत नाहीत, मात्र तिने राज्याकडून अनुदान घेतले असेल तर त्या अनुदानाची फाईल राज्याकडे असते आणि ती मागता येते.

मागायची कशी, हे राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्यात आहे. कारण सांगावे लागत नाही. साधारणपणे दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. एका महिन्यात पाच तासांपर्यंतचे शोधकाम विनामूल्य, त्यापुढे शुल्क. त्याच वेळी अलास्काच्या राज्यघटनेत १९७२ पासून खासगीपणाचा स्वतंत्र हक्क लिहिलेला आहे, आणि वीस-पंचवीस घरांच्या वस्तीत नाव झाकले तरी माणूस ओळखू येतो, त्यामुळे नकार मिळाला तर तो नेहमीच आडमुठेपणा असतो असे नाही.

जुना कागद किती वजनदार ठरतो, हे मॅकार्थी क्रीकच्या रस्त्याने दाखवले. उद्यानाच्या आत खासगी जमीन घेतलेल्या एका कुटुंबाने या शतकाच्या सुरुवातीला जुन्या वाटेवरून बुलडोझर नेला, उद्यान प्रशासनाने अडवले आणि प्रकरण नवव्या सर्किटच्या संघराज्यीय अपील न्यायालयापर्यंत गेले, जेथे परवाना मागण्याचा प्रशासनाचा अधिकार मान्य झाला. या वादाच्या मुळाशी १८६६ चा एक खाणकायदा होता, ज्याखाली सार्वजनिक जमिनीवरून वहिवाटीने पडलेला रस्ता हक्काचा ठरू शकतो. तो १९७६ मध्ये रद्द झाला, पण आधी पडलेल्या वाटांचे हक्क शाबूत राहिले. अशी वाट पूर्वी खरोखर वापरात होती का, हे ठरवायला १९०५ मध्ये स्थापन झालेल्या अलास्का रस्ते आयोगाचे वार्षिक अहवाल उघडावे लागतात. कोणत्या वर्षी कोणत्या मार्गावर किती खर्च झाला एवढीच कोरडी माहिती देणारे ते तक्ते आज पुरावा बनतात.

असे जुने संघराज्यीय कागद पूर्वी अँकरेजच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येत. २०१४ मध्ये ते केंद्र बंद करून संग्रह सिअॅटलला हलवला गेला. २०२० मध्ये सिअॅटलची इमारतही विकून कागद आणखी दूर पाठवण्याचे ठरले, तेव्हा राज्ये आणि जमाती न्यायालयात गेल्या, २०२१ च्या फेब्रुवारीत विक्रीला स्थगिती मिळाली आणि एप्रिलमध्ये सरकारने मंजुरी मागे घेतली. राज्याचे स्वतःचे अभिलेखागार जुनो या राजधानीत आहे, आणि असंघटित बरोचे सभागृह समजले जाणारे विधिमंडळही तेथेच भरते. जुनोला बाहेरून जाणारा रस्ता नाही. मॅकार्थीच्या रहिवाशाला तेथे विमानाने किंवा बोटीने जावे लागते.